हळदीच्या गाण्यातल्या रिकाम्या फेऱ्या

॥ श्री ॥

जळगाव,
दि. १७ जानेवारी १९९४

ती. स्व. अक्कास,
तोतारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पार्सल पोचलं. तिळाच्या वड्या दुकानातल्या शिकंज्यात धरून फोडाव्या लागल्या, पण चव थेट आईच्या हातची. सून म्हणते, साक्रीच्या आत्याबाई गुळाचा पाक करतात की सिमेंट कालवतात. तिला उत्तर तूच दे, माझी हिंमत नाही.

आता भावाचं, आपल्या वनाचं. त्याला मुंबईहून परत आणलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉनचा आजार. मी म्हटलं, मोटारीचंच काही असेल तर माझ्याकडे सोपवा, चाळीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारींत तार भरतोय. ते हसले, आणि मग हसायचे थांबले. मेंदूचा हुकूम हातापायांना आणि जिभेला नेणाऱ्या ज्या तारा असतात, त्या एकेक करून मरतात. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. औषध नाही. अक्का, आबांचं झालं ते हेच. आपण त्याला विहिरीतल्या नागाचा कोप म्हणत बसलो होतो.

वना हिंडतो-फिरतो. बोलणं मात्र तोंडात गरम भाकरीचा घास असल्यासारखं. आबांचंही सुरुवातीला तसंच होतं. मी चौदा वर्षांचा होतो, पण तो आवाज माझ्या कानात जसाच्या तसा आहे. या कानांवरच तर पोट भरलं मी. पेचकसचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आणि बेअरिंग अजून किती दिवस चालेल ते गिऱ्हाइकाला सांगायचं. वनाच्या आवाजातला फरक मला गेल्या वर्षीच लागला होता. बोललो नाही.

मुंबईवाल्यांनी आपला पत्ता एका संस्थेला दिला. हा आजार पिढ्यान्पिढ्या चालतो अशी घराणी ते लोक देशभर शोधत फिरताहेत. त्यांच्या डॉक्टरीणबाई दोन दिवस जळगावात होत्या. म्हैसूरकडच्या, मराठी मोडकं, पण कान माझ्यासारखे. गेल्या साली परदेशात या आजाराची एक जागा रक्तात सापडली म्हणे. आपल्या देशातल्या घराण्यांत तीच आहे की दुसरी, आणि अशी घरं आहेत तरी किती, कोणालाच ठाऊक नाही, कारण आजवर कोणी मोजलीच नाहीत.

बाईंनी वंशावळ मागितली. मी भाटाच्या वहीतून उतरवून ठेवलेली दिली. त्यांची रीत अशी: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल त्याच्या आत काळी शाई. आपल्या वहीवरून कागद भरला तर सात पिढ्या नुसते चौकोन. तुमच्या घरात मुली जन्मालाच येत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं येतात, पण लग्न झालं की त्या दुसऱ्या घरच्या. आणि हा आजार वहीतल्यांचा, लेकींना त्याचं काही नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की रक्ताला तुमची वही वाचता येत नाही. ज्याला आजार, त्याच्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला, दोन चिठ्ठ्यांतली एक.

तेव्हा मला तू आठवलीस. हळद दळताना तू गातेस ते लेकींचं बोलावणं, जात्याच्या एकेका फेरीला एकेका लेकीचं नाव आणि तिचं गाव. ती आपली दुसरी वहीच की. बाईंना दोन कॅसेटी ऐकवल्या. एक माझ्या मगनच्या लग्नातली, पंच्याऐंशी सालची. दुसरी परवा मार्गशीर्षात वनाच्या भटूच्या लग्नातली. बाई म्हणाल्या, मध्येच चार फेऱ्या नुसतं जातं फिरतंय, गाणारी गप्प का? मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की तू दम घेतेस. पण दोन्ही कॅसेटींत गप्प बसायच्या जागा त्याच आहेत. तेवढं कळव, आणि नावं क्रमाने लिहून पाठव.

रेशमाच्या साखरपुड्याला तीस तारखेला सगळे येतो. एरंडोलचा मुलगा मास्तर आहे म्हणतेस, म्हणजे तुझ्या लेकीला घरात आणखी एक मास्तर.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर वड्या वाढतील.

तुझा,
तोताराम

---

साक्री,
दि. २३ जानेवारी १९९४

चि. तोतास अ. उ. आ.

वड्या कडक म्हणण्याआधी तुझे दात किती उरलेत ते मोज. सुनेला सांग, आत्याबाईंनी तुझ्या सासऱ्याला याच वड्या खाऊ घालून वाढवलं.

वनाचं वाचून दोन दिवस बालवाडीत लक्ष लागलं नाही. पोरांना चिमणी शिकवायची तर मी कावळाच म्हणत बसले. भावाला जपा. त्याला एकट्याला जेवायला बसवू नका.

नावं अशी. पहिली अमळनेरची दगडीबाई. मग तीन फेऱ्या रिकाम्या. मग नशिराबादची सुंदरबाई, म्हणजे आपली सुंदर आत्या. मग पुन्हा एक रिकामी. मग पाचोऱ्याची ताईबाई, आणि शेवटी साक्रीची भागाबाई, ती मी. रिकाम्या का, ते मला माहीत नाही. आईनं शिकवलं तसं म्हणते. लहानपणी एकदा विचारलं होतं, तर ती म्हणाली, फेरी फिरू दे, इचारू नको. आणि खुंट्यावरच्या माझ्या हातावर चापट मारली. पुन्हा विचारलं नाही.

आता तुला एक निक्षून सांगते. साखरपुड्यात हे रक्ताचं, आजाराचं काही काढू नकोस. एरंडोलची माणसं भली आहेत. मुलाचे वडील चुडामणभाऊ, देवमाणूस. आपण देवक विचारलं, वेगळं निघालं. भाटालाही विचारलं, कुठे अडत नाही. एवढं सगळं जुळून आलंय, त्यात तुझ्या डॉक्टरीणबाईचे गोल आणि चौकोन नकोत.

माझी तब्येत बरी आहे. सर्दीनं घसा धरलाय, तो सुटत नाही. चहा पिताना ठसका लागतो आणि चहा नाकातून येतो, रेशमा हसते. वय झालं, दुसरं काय.

येताना जळगावची भरताची वांगी आण. माया आहे तशी असू दे.

तुझी,
अक्का

---

॥ श्री ॥

जळगाव,
दि. ८ फेब्रुवारी १९९४

ती. स्व. अक्कास,
तोतारामचा शि. सा. न. वि. वि.

साखरपुडा झकास झाला. मुलगा मला पसंत. बोलतो कमी आणि बघतो जास्त, आणि रेशमाच्या हाताला वाटी लागायच्या आत उचलून देतो. तू सांगितल्याप्रमाणे मी तोंड बंद ठेवलं. पण कान कसे बंद ठेवायचे?

मी चुडामणभाऊंच्या शेजारी जेवायला होतो. देवमाणूस खरेच. पण लाडू त्यांनी ताटातच ठेवला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं, ते त्यांच्या बायकोनं येऊन लावलं, आणि लावताना चोरून इकडेतिकडे पाहिलं. मला म्हणाले, व्याही, आमच्याकडे या एकदा. एवढंच वाक्य. शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या. मी स्वतःला समजावलं की वनाच्या आजारपणामुळे मला आता सगळीकडे तेच ऐकू येतंय. नव्या मोटारीतही घरघर ऐकणारे कारागीर मी बघितलेत.

मग गेल्या शनिवारी बाईंना घेऊन नशिराबादला सुंदर आत्याकडे गेलो. अठ्ठ्याऐंशीची झाली. तिच्या कानाशी ओरडावं लागतं, पण डोकं तल्लख आहे. पहिली अर्धी घटका मी कोणाचा कोण हेच सांगण्यात गेली, नंतरची अर्धी मी वाळलो का, याच्यात. मग मी टेप लावला आणि तिचा हात त्यावर ठेवला, म्हणजे तिला जात्याची घरघर तरी लागावी. पहिली रिकामी फेरी आली आणि तिनं हात काढून घेतला.

तिनं सांगितलं ते असं. त्या मुक्या गयात, मुक्याच गेल्या. वाचा बसली, मग हात गेले, मग त्या गेल्या. अशा लेकीचं नाव शुभ कामाला घेत नाहीत, ती हळदीला आली तर सोबत ते घेऊन येते. म्हणून नाव गाळायचं. पण लेक ती लेकच, तिच्या वाटची फेरी तरी फिरली पाहिजे. बाईंनी चारही नावं विचारली. आत्या आधी सांगेना. मग सुनेला बाहेर पाठवलं, पदर तोंडावर घेतला आणि पदराआडून सांगितली. पहिल्या तिघी आजोबांच्या बहिणी, चौथी आबांची धाकटी बहीण, आपण जन्मायच्या आधीच गेलेली. बाईंनी तिथल्या तिथे कागदावर चार गोल काढले आणि चारही काळे केले. सात पिढ्या चौकोनच असलेला तो कागद एकदम वेगळाच दिसायला लागला. मला तो पुढे बघवेना.

अक्का, तिघींतली थोरली एरंडोलला दिली होती. नाव भिकुबाई. ती गेल्यावर येणं-जाणं तुटलं. कोणतं घर, ते आत्याला आठवत नाही. एरंडोल मोठं गाव आहे. मी अजून काही म्हणत नाही. तूही काही मनात धरू नकोस, पण लग्नाची तारीख एवढ्यात काढू नकोस.

वनाचा आवाज आता घरच्यांनाही कळत नाही. पाटी दिली आहे. काल, सगळं बरं आहे असं सांगायला, त्यावर त्याने लिहिलं, बठ्ठं बरं शे. मग पुसून लिहिलं, डाळीला मीठ कमी शे.

घसा दाखवलास का? रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
तोताराम

---

साक्री,
दि. १८ फेब्रुवारी १९९४

चि. तोतास अ. उ. आ.

हात दुखतो म्हणून रेशमाच्या हातून लिहवून घेते आहे. ती तुझी भाची, तिच्यापासून काय लपवायचं. तिच्यासमोरच बोलते.

एरंडोलात काय एकच घर आहे? ऐंशी वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला उठवून तू माझ्या लेकीच्या मांडवात बसवणार? सुंदर आत्याला आज जेवली की नाही ते आठवत नाही, आणि तिच्या तोंडची नावं तुला खरी वाटतात. तुझी ती बाई औषध देणार आहे का? नाही. बरं करणार आहे का? नाही. मग मोजून काय करणार? आमची माणसं मेली ती काळ्या शाईनं भरायला?

लहानपणापासून तुझं हेच. सगळ्या गल्लीत कोणाच्या घरी काय बोलणं चाललंय ते तुला भिंतीतून ऐकू यायचं, आणि आई म्हणायची, हा पोरगा कानांनीच जेवतो. ऐकलंस ते पोटात ठेवायलाही शिक.

एरंडोलला जाऊ नकोस. अक्षय्यतृतीयेची आखाजी झाली की पुढच्या आठवड्यात लग्न, तारीख काढली आहे. मामा म्हणून अंतरपाटाआड उभा राहा, बाकी काही करू नकोस.

घशाला हळद-दूध चालू आहे.

मी रागात आहे, तरी आशीर्वाद कमी केलेले नाहीत.

तुझी,
अक्का

ता. क. मामा, हे मी आईला वाचून न दाखवता लिहिते. हात दुखतो असं तिने लिहायला सांगितलं. दुखत नाही. परवा कासारीण बांगड्या भरायला आली, तेव्हा आईला मूठ आवळताच आली नाही. कासारीण म्हणाली, असा लोण्यासारखा हात तिने पाहिला नाही. आई हसली. मला हसू आलं नाही. — रेशमा

---

॥ श्री ॥

जळगाव,
दि. ४ मार्च १९९४

ती. स्व. अक्कास,
तोतारामचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

तू नको म्हणालीस, तरी मी एरंडोलला गेलो. घरी सांगितलं पद्मालयाच्या गणपतीला जातो, आणि गेलोही, म्हणजे देवाशी तरी खोटं बोललो नाही. परतताना एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मळ्यावर थांबलो. त्याची मोटार ऐकता ऐकता शेजारच्या चुडामणभाऊंचा विषय काढला. त्यांची आजी भिकुबाई. आपल्याच गावची लेक. शेवटची दोन वर्षं ओसरीत मुकी बसून असायची, असं त्याच्या म्हाताऱ्या आईने सांगितलं. चुडामणभाऊंचे वडील तरणेपणीच गाडीखाली सापडून गेले, त्यामुळे त्यांच्यात हे होतं की नव्हतं ते कोणाला कळलंच नाही. आता चुडामणभाऊंच्या हातांत कळायला लागलंय.

देवक वेगळंच निघणार, अक्का, ते बापाकडून जातं. भाटाच्या वहीत अडणार कसं, भिकुबाई वहीत नव्हतीच. ती एका ठिकाणीच होती, तुझ्या गाण्यात, आणि तिथूनही तिचं नाव काढून टाकलेलं.

आता जे लिहायचं म्हणून इतके दिवस लागले ते लिहितो. दोन्ही कॅसेटी मी पुन्हा पुन्हा ऐकल्या. पहिलीत तू गातेस तेव्हा प्रत्येक अक्षर जात्याच्या घरघरीच्या वर उभं राहतं. भटूच्या लग्नातलीत ते घरघरीत बुडतं. आवाज तुझाच, सूर तोच. जीभ मागे राहते. परवा तू टपालकचेरीतून फोन केलास, माझ्याशी भांडलीस. तू काय बोललीस ते मी विसरलो. कसं बोललीस ते विसरता येत नाही. आबा, मग वना, आणि आता तू. तुला चहाचा ठसका लागतो असं तू जानेवारीत लिहिलंस, तेव्हाच मी पत्र घडी करून खिशात ठेवलं होतं.

मी चुकत असेन. चुकावं म्हणून नवस बोललो आहे. पण बाईंना, नाव न सांगता, विचारलं. दोन्हीकडून हे आलेलं असेल तर पोटच्या पोराचं काय? त्यांनी कागदावर दोन गोल-चौकोन काढले आणि म्हणाल्या, मग चार चिठ्ठ्यांतल्या तीन वाईट. मुलीला आधी कळायला हवं, हे तिला सांगायचा अधिकार तिच्या आईचा. तू विचारलंस, मोजून काय करणार. मी तेही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, आज काही नाही. पण मोजलेलंच नसेल तर औषध निघालं तरी ते कोणाच्या दारात न्यायचं?

रक्त मीही दिलं. त्याचा निकाल ते सांगत नाहीत, मी विचारलाही नाही. पण रोज सकाळी दुकान उघडलं की टेपवर स्वतःचं नाव आणि तारीख बोलून ठेवतो, आणि लावून ऐकतो. मग काम सुरू करतो.

मी एरंडोलला आजाराबद्दल कोणापाशी चकार शब्द काढलेला नाही. काढणारही नाही. रेशमाला काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू म्हणशील तर मी अंतरपाटाआड उभा राहीन. पण त्या दिवशी हळदीची फेरी रिकामी फिरेल, तेव्हा ती कोणाची ते मला माहीत असेल, आणि नवरा मुलगा तिचाच पणतू असेल. एवढं मला कानांवर घेऊन बसता येणार नाही.

शिव्या द्यायच्या असतील तर मोकळेपणाने दे, पण उत्तर दे.

तुझा,
तोता

---

साक्री,
दि. २५ मार्च १९९४

चि. तोतास अ. उ. आ.

पाकीट रेशमानं फोडलं. माझ्या बोटांना आता पाकीट फुटत नाही, हे तुला कळलेलंच आहे. तिनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, मध्ये न थांबता, बालवाडीतल्या गोष्टीसारखं. वाचून झाल्यावर घडी केली आणि स्वयंपाकाला लागली. तीन दिवस काही बोलली नाही. मीही नाही. मला वाटलं, मी बोलले तर ती ऐकेल कशी बोलते ते.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती एकटी एरंडोलला गेली. मला दुपारी शेजारणीनं सांगितलं. तिथे तिनं सरळ चुडामणभाऊंनाच विचारलं, हात कधीपासून असे आहेत. त्यांची बायको उसळली, पोरी, तुला लाज आहे का म्हणाली. भाऊंनी बायकोला गप्प करायला हात वर केला, तो अर्ध्यातच राहिला. त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं की त्यांच्या आजीवर तिच्या माहेरच्यांनी करणी केली असं घरात बोलत. म्हणून त्या गावाचं नावही घरात काढायचं नाही, अशी रीत पडली. म्हणजे बघ, आपण लेकीचं नाव गाळलं आणि त्यांनी गावाचं. म्हणून माझ्या हातून मुलीचा फोटो नेमका त्याच घरी गेला.

लग्न मोडलं. भांडण झालं नाही. मुलगा स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आला. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला की डॉक्टरीणबाईचा पत्ता द्या. रेशमानं तिकिटाच्या मागे लिहून दिला.

तुझ्यावर मी चार दिवस रागावले, आईवर त्याहून जास्त. मग माझं मलाच आठवलं. चाळीस वर्षं मी त्या फेऱ्या फिरवल्या. चापटीला भिऊन एकदाही पुन्हा विचारलं नाही. कोण्या एका बाईनं एकदा जरी भिकुबाई म्हटलं असतं, तरी पुरलं असतं.

तर आता ऐक. आखाजीला लेकी माहेरी येतातच. या आखाजीला मी जळगावला येते. पाचोऱ्याच्या ताईबाईला बोलाव, सुंदर आत्याला गाडी करून आण, वनाला खुर्चीवर बसव. डॉक्टरीणबाईला पण बोलाव. माझं रक्त घेऊ दे. जातं मांडून ठेव, हळद कोणाच्याच अंगाला लावायची नसली तरी मूठभर दळू. तू टेप लाव. मी गाईन. जिथे जीभ अडेल तिथे रेशमा धरेल, तिला सगळं शिकवलं आहे. त्या चारही फेऱ्यांना त्या चौघींची नावं घ्यायची, गावासकट. सुंदर आत्या पदर तोंडावर घेईल, तिला घेऊ दे.

आणि माझं काय ते मला कळलं आहे. पुढच्या वेळी हळद दळायला बसाल तेव्हा साक्रीची फेरी रिकामी फिरवू नका. भागाबाई म्हणा. मी काही घेऊन येणार नाही. जे द्यायचं ते आधीच देऊन झालं असेल.

वनाला सांग, मीठ मी येऊन बघते.

माया होती तशीच आहे, आवाजावरून ठरवू नकोस.

तुझी,
अक्का

ता. क. मामा, आईनं हे सगळं सांगायला दोन दुपारी घेतल्या. तिला मध्ये मध्ये थांबावं लागलं. ती थांबली की मी पण लेखणी उचलून थांबत होते.

आखाजीला मीही येते आहे. रक्त देईन. निकाल मला नको आहे, तो विचारू नका आणि तुम्हीही ऐकायचा प्रयत्न करू नका. मी तुमच्याशी बोलेन तेव्हा तुम्ही नेहमीसारखंच हसून बोला. बाईंना सांगा, त्या कागदावर आईच्या खाली माझा गोल काढा. तो मात्र अजून रिकामा राहू द्या.

तुमची,
रेशमा